कोऱ्या भिंतीवरचा नेम

"तुमचा रोज किती मारतो?" रेंजबाहेरच्या बाकावर पालकांमध्ये हा प्रश्न हमखास निघतो आणि उत्तर गोळ्यांत दिलं जातं. शंभर, दीडशे, सुट्टी लागली की दोनशे. पाचशे पेलेटची डबी किती दिवसांत संपली, यावरून पोराच्या मेहनतीचा अंदाज बांधायचा. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरने पिस्तुलात दोन कांस्यपदकं मिळवली, त्यातलं एक सरबज्योत सिंगच्या जोडीने. राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये एक आणलं. तेव्हापासून या बाकांवर दाटी झालेली दिसते. नव्या मुलांपैकी बरीच जण पिस्तूल उचलतात. त्याचं एक साधं कारण म्हणजे रायफलवाल्यांचं ते कडक जॅकेट आणि पँट इथे लागत नाही. बाकी खर्च मात्र चुकत नाहीच. चांगलं एअर पिस्तूल लाखाच्या पुढेच जातं. एवढे पैसे ओतल्यावर ते सतत वाजताना ऐकू यावं असं वाटणं स्वाभाविक आहे.

माझं मत नेमकं उलट आहे. १० मीटर एअर पिस्तुलाच्या सरावाची घडी बसवायची असेल, तर आठवड्यातल्या सहा सरावांपैकी चारांत एकही पेलेट उडता कामा नये. हे काही माझं संशोधन नाही. 'ड्राय', म्हणजे पेलेट न घालता ट्रिगर दाबणं, हा शब्द कुठल्याही रेंजवर दिवसातून दहा वेळा कानावर येतो. ऐकतात सगळे, करतात मोजके. जे करतात त्यांतले निम्मे ड्रायला वॉर्मअप समजतात, हात मोकळा करायला पाच-सात मारायचे आणि मग 'खऱ्या' सरावाला लागायचं. ड्राय हाच खरा सराव का, हे समजून घ्यायला थोडा हिशेब करावा लागेल.

कागदावरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. पेलेट ४.५ मिलिमीटरचा. दहाच्या बाहेरचं प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटरने पुढे सरकतं. पिस्तूल धरायचं एका हातात, तेही मनगटाला कसलाही आधार न घेता, आणि त्याचं वजन किलोच्या आसपास. हात हलणारच. मोठमोठ्या पदकविजेत्यांचाही हलतो, फक्त कमी हलतो. नव्या पोराला पहिल्या दिवशी हे कुणी सांगत नाही. ते बिचारं हात दगडासारखा करायच्या मागे लागतं आणि खांदा आखडून घेतं.

आता गंमत बघा. पिस्तुलाच्या मागच्या साइटला खाच असते. पुढची साइट त्या खाचेत मधोमध यायला हवी, वरच्या कडा एका रेषेत आणि दोन्ही बाजूंना सारखा उजेड. या दोन साइटमधलं अंतर ३३ सेंटिमीटर धरू. हात थरथरून अख्खं पिस्तूल जसंच्या तसं ३ मिलिमीटर बाजूला सरकलं, तर कागदावरचं छिद्रही ३ मिलिमीटरच सरकतं. दहाचे दहा शाबूत. पण पुढची साइट त्या खाचेत नुसती १ मिलिमीटर कलली, तर दहा मीटर पुढे जाईपर्यंत त्या चुकीचे ३० मिलिमीटर होतात आणि दहाचे सात होतात. म्हणजे हाताची थरथर माफ आहे, साइटचा कल माफ नाही. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघू शकतो. त्यामुळे पुढची साइट रेखीव दिसली पाहिजे आणि लक्ष्य धूसर. ते तसंच दिसायला हवं.

आणि इथेच पेलेट घात करतो. समोर काळं वर्तुळ आहे, त्यात छिद्र पडणार आहे, शेजारच्या स्क्रीनवर आकडा उमटणार आहे म्हटल्यावर बारा-चौदा वर्षांच्या पोराचा डोळा साइटवर राहीलच कसा? तो लक्ष्यावर जातो. साइट दहाच्या खाली आली की मेंदू ओरडतो, 'आत्ता!' बोट झटका देतं. नियमाप्रमाणे ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम असतं. तेवढा दाब थरथर चालू असतानाच सावकाश वाढवत न्यायचा आणि गोळी सुटली तेव्हा आपल्यालाच जरा नवल वाटावं, ही खरी पद्धत. 'आत्ता' म्हणून ओढलेला ट्रिगर साइट कलवतो. दीडशे पेलेट असेच ओढून मारले, तर मुलाने दीडशे वेळा झटका देण्याचा सराव केला एवढंच होतं. त्यातही पन्नास-साठनंतर खांदा दमतो, म्हणजे पुढचे शंभर आणखी वाईट शिकवतात.

म्हणून कोरी भिंत. तिच्यावर दहा नाही, सात नाही, बघण्यासारखं काहीच नाही. डोळ्याला साइटशिवाय दुसरं कामच उरत नाही. ट्रिगर सुटताना साइट खाचेत हलली की नाही, हे लख्ख दिसतं, कारण चुकीवर पांघरूण घालायला नऊ-दहाचा आकडा नसतो. बहुतेक मॅच पिस्तुलांत ड्राय फायरची सोय असते. हवा खर्च न होता ट्रिगर हुबेहूब तसाच सुटतो.

घरचा सराव चाळीस मिनिटांचा पुरे. टीव्ही बंद. पेलेटची डबी दुसऱ्या खोलीत, आणि पिस्तूल रिकामं आहे हे उघडून डोळ्यांनी बघायचं, रोज, न चुकता. यात कंटाळा चालत नाही. खांदे आणि मनगट मोकळं केलं की पाय. भिंतीवर छातीच्या थोडं वर पेन्सिलची बारीक खूण करा. खुणेकडे पिस्तूल रोखायचं, डोळे मिटायचे, हात खाली घेऊन पुन्हा उचलायचा आणि डोळे उघडायचे. पिस्तूल खुणेच्या डावीकडे गेलेलं दिसलं, तर हात उजवीकडे ओढू नका, मागचा पाय सरकवा. हाताने ओढलेलं पिस्तूल ट्रिगर सुटताक्षणी आपल्या जागी परत जातं. मी पाहिलेल्या नव्या नेमबाजांत या पायांकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. उभं राहणं काय शिकायचं, असं वाटत असावं.

मग आठ-दहा वेळा नुसतं धरायचं, ट्रिगर न दाबता. उचला, साइट जुळवा, दहा-बारा सेकंद बघत राहा, खाली घ्या, मधे पुरेशी विश्रांती घ्या. त्यानंतर कोऱ्या भिंतीवर वीस ड्राय. प्रत्येक वेळी ट्रिगर सुटल्यावर दोन सेकंद तसंच उभं राहून साइट बघायची. या फॉलो थ्रूवर घाई करणारा मॅचमध्येही घाई करतो. शेवटचे दहा ड्राय छोट्या लक्ष्यावर. खऱ्या कागदावरचा काळा गोल ५९.५ मिलिमीटरचा असतो, तेव्हा पाच मीटरवर साधारण ३० मिलिमीटरचा गोल चिकटवला की नजरेला तेवढाच दिसतो. तीन मीटरचाच हॉल असेल तर १८ मिलिमीटर. वन बीएचकेमध्ये जागा नाही, ही सबब त्यामुळे निकालात निघते.

यात एक गोष्ट मी आग्रहाने घालायला सांगतो. वीसमधले चार मुद्दाम सोडून द्यायचे. पिस्तूल उचललं, साइट जुळली, ट्रिगरवर निम्मा दाबही आला, आणि तरी खाली घ्यायचं. कारण मॅचमध्ये हेच सगळ्यांत अवघड जातं. आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर डोळा आणि खांदा दोन्ही थकायला लागतात, तरी हात खाली येत नाही. 'एवढं धरलंय तर मारूनच टाकू,' असं होतं आणि आठ पडतो. खरं तर वेळ भरपूर असतो. ६० शॉटना ७५ मिनिटं, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. खाली घेण्याची सवय घरी नसेल तर ती मॅचमध्ये कुठून येणार?

रेंजचे दिवस दोन. पहिल्या दिवशी कागद उलटा लावा, पांढरी बाजू पुढे, आणि चाळीसच पेलेट मारा. बघायचं ते फक्त ग्रुपिंग, छिद्रं किती जवळ पडली ते. ती कुठे पडली याची फिकीर करू नका. ग्रुप घट्ट असेल तर साइटचा स्क्रू फिरवून तो मध्यावर आणता येतो. विखुरलेला असेल तर स्क्रूचा काही उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी पूर्ण मॅच. तयारी आणि सायटरची (न मोजल्या जाणाऱ्या सराव-शॉटची) १५ मिनिटं, मग ६० शॉट, घड्याळ लावून, मधे कुणाशी न बोलता. वहीत स्कोअर लिहायचा तो याच दिवसाचा. बाकी पाच दिवसांच्या वहीत तीन ओळी पुरेत. आज काय धरून बसलो, ते किती वेळा साधलं, उद्या काय. 'ट्रिगर सावकाश' असं लिहिण्यापेक्षा 'विसातले अकरा न झटकता' असं लिहिलं, तर महिन्याने त्या वहीतून काही तरी हाती लागतं.

पाच-सात गुणांसाठी एवढा खटाटोप? होय, त्याच पाच-सात गुणांसाठी. टोकियो ऑलिम्पिकमध्ये मनूच्या पिस्तुलात मॅच चालू असताना बिघाड झाला, मोलाची मिनिटं गेली, ५७५ गुणांसह ती बारावी आली आणि अंतिम फेरी हुकली. पॅरिसमध्ये ५८०, पात्रता फेरीत तिसरी. साठ शॉटमध्ये पाच गुणांचा फरक. आणि अंतिम फेरीत, जिथे गुण दशांशात मोजतात, ती २२१.७ वर थांबली तेव्हा पुढच्या कोरियन मुलीपेक्षा ०.१ ने मागे होती. एवढ्या बारीक फरकाच्या खेळात 'जास्त मारा' हा सल्ला कामाचा नाही.

पॅरिसमधलाच तो तुर्की नेमबाज, यूसुफ दिकेच, आठवत असेल. एक हात खिशात, साधा टीशर्ट, रौप्यपदक. आपल्याकडे त्याचे फोटो 'काही साधनं नसताना जिंकला' अशा मजकुरासह महिनाभर फिरले. अहो, पिस्तूलवाले हात खिशातच घालतात! मोकळा हात लोंबकळत राहिला तर अंग डुलतं, म्हणून तो कुठे तरी बांधून ठेवायचा. त्याची पद्धत होती, ती फोटोत दिसत नव्हती इतकंच. हंगेरीच्या कारोली टाकाचचंही तेच. १९३८ मध्ये हातबॉम्बने उजवा हात गेला, डाव्याने सराव केला, १९४८ आणि १९५२ मध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचं ऑलिम्पिक सुवर्ण. प्रेरणादायी व्याख्यानांत ही गोष्ट जिद्दीसाठी सांगतात. मला तिच्यात आणखी एक दिसतं. त्याचा हात गेला होता, पण साइट कशी बघायची आणि दाब कसा वाढवायचा हे शाबूत होतं. नव्या हाताला तेवढं शिकवायचं होतं.

२५ मीटर पिस्तूल प्रकारात तर कोऱ्या भिंतीचं महत्त्व आणखी वाढतं. तिथे .२२ चं पिस्तूल, परवान्याचं झंझट, काडतुसांचा खर्च. रॅपिडच्या टप्प्यात हात ४५ अंशांवर खाली ठेवायचा, लक्ष्य तीन सेकंद दिसणार, सात सेकंद जाणार. त्या तीन सेकंदांत उचलणं, साइट पकडणं आणि दाब, तिन्ही एकाच लयीत बसावं लागतं. ही लय घरी मोबाइलवर बीप लावून, एकही काडतूस न जाळता बसवता येते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते थायलंडच्या प्रतिस्पर्ध्याशी बरोबरी होऊन, एक नाही, दोन शूटऑफनंतर. अशा वेळी तिसाव्या शॉटला हात जसा उचलला तसाच पन्नासाव्यालाही उचलला जाणं, यावर सगळं असतं.

ड्रायने सगळं भागतं असं मी म्हणत नाही. छातीत होणारी धडधड भिंत देत नाही. शेजारच्या लेनवाल्याचे सलग पाच दहा पडताना ऐकू येण्याचा त्रासही देत नाही. त्यासाठी स्पर्धा खेळाव्याच लागतात. जिल्हा, राज्य, मग मावळणकर. (ही स्पर्धा ज्यांच्या नावाने भरते ते दादासाहेब मावळणकर, लोकसभेचे पहिले अध्यक्ष. १९५१ साली राष्ट्रीय रायफल असोसिएशन उभी राहिली त्यामागे तेच होते. घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचं. मावळणकर खेळणाऱ्या किती कोकणी मुलांना हे ठाऊक असेल कोण जाणे.)

दुसरा आक्षेप कंटाळ्याचा. प्रशिक्षक म्हणतात, पोरांना भिंतीसमोर उभं केलं तर ती क्लास सोडतील. यात तथ्य आहे, आणि त्यात थोडं धंद्याचं गणितही आहे. लेनचं भाडं तासावर मिळतं, भिंतीचं कोण देणार? तरी प्रत्येक रेंजवर एक बाजू ड्रायसाठी मोकळी ठेवायला खर्च चुन्याच्या एका हाताचा. बारा वर्षांच्या मुलाला चाळीस मिनिटं झेपत नसतील तर वीस द्या. पाच चांगले ड्राय सलग झाले की पाच पेलेट बक्षीस, असंही करता येतं, आणि मुलं त्या पाच पेलेटसाठी जीव टाकतात. मॅचच्या आदल्या दिवशी मात्र बक्षीसही नको. पंधरा-वीस ड्राय, पिस्तूल पुसून पेटीत, हवेचा सिलिंडर भरलेला आहे का ते पाहायचं, सेफ्टी फ्लॅग पिशवीत टाकायचा आणि रात्री वेळेवर झोपायचं.