एक्केचाळीस तासांची चर्चा आणि सभापतींची घंटा

१/ सोमवार, ३१ जानेवारी १८८१. दुपारी चार वाजता ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्सची बैठक भरली आणि ती उठली थेट बुधवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास! विषय होता आयर्लंडमधील संशयितांना खटल्याविना तुरुंगात डांबण्याचा अधिकार देणारे विधेयक. तेही मंजुरीसाठी नव्हे, केवळ मांडण्याच्या परवानगीसाठी.

२/ चार्ल्स पार्नेल यांचे आयरिश सहकारी संख्येने थोडे. मतदानात पराभव ठरलेला. हाती उरले ते बोलणे. सदस्याने कधी थांबावे, हे नियमांत कोठेही लिहिलेले नव्हते. सभ्य गृहस्थ आपणहून थांबतात, एवढाच काय तो संकेत. आयर्लंडमध्ये कुळांना घरादारातून हुसकावले जात असता हा संकेत पाळण्याचे कारण या सदस्यांना दिसेना. त्यांच्यातील जोसेफ बिगर यांनी तर १८७५ मध्येच कागदपत्रे वाचत सुमारे चार तास सभागृह अडवले होते. आवाज ऐकू येत नाही, असे सभापतींनी म्हणताच स्वारी पुढे सरकली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू का, असे विचारती झाली, अशी आख्यायिका आहे.

३/ २ फेब्रुवारीच्या सकाळी सभापती हेन्री ब्रँड यांनी कोणत्याही लिखित नियमाचा आधार नसताना चर्चा बंद केली व प्रस्ताव मतास टाकला. आयरिश सदस्य विशेषाधिकाराचा घोष करीत बाहेर पडले.

४/ ब्रँड यांना हुकूमशहा ठरवणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. मूठभरांनी सभागृह अनंतकाळ अडवून धरणे हेही लोकशाहीचे लक्षण नव्हे. १८८२ मध्ये चर्चाबंदीचा नियम आला. अल्पमताच्या हक्कांवर गदा येत असेल तर असा प्रस्ताव नाकारण्याचा अधिकार पुढे अध्यक्षस्थानाकडे राहिला. खरी घसरण १८८७ची. पुन्हा आयर्लंडचेच दडपशाहीचे विधेयक, आणि या वेळी ‘गिलोटिन’: ठरलेली घटका भरताच उरलेली सारी कलमे चर्चेविना मतास. पुरेसे बोलून झाले का, हा प्रश्न निःपक्ष माणसाच्या हातून काढून घड्याळाकडे सोपवला गेला. आणि घड्याळाची वेळ लावणार कोण? बहुमतवालेच!

५/ हाच शब्द आज लोकसभेत रूढ आहे. अनुदानाच्या मागण्यांची मुदत सरली की उरलेल्या मागण्या एकत्रच मतास टाकल्या जातात. ब्रँड यांच्यासमोर निदान एक्केचाळीस तासांची चर्चा तरी होती. २०१८ आणि २०२३ मध्ये गदारोळात लोकसभेने मागण्या मंजूर केल्या, त्या चर्चेविनाच.