लेखणीचे मोल आणि खुर्चीचे भाडे

अलीकडे राजधानीतील मराठी बैठकींत एक प्रश्न वारंवार निघतो. नोकरीनिमित्त येथे आलेला एखादा अधिकारी फावल्या वेळात आपली अनुदिनी, म्हणजे आज सारे जिला 'ब्लॉग' म्हणतात ती, मराठीत लिहितो. लोक ती आवडीने वाचतात. मग त्याने तिच्यातून चार पैसे मिळवावे की न मिळवावे? एक पक्ष म्हणतो, सरस्वतीचा बाजार मांडू नये. सरकार दरमहा पगार देते, आणखी हव्यास कशाला? दुसरा पक्ष म्हणतो, लेखन हा श्रम आहे, श्रमाला दाम मिळालाच पाहिजे, आणि तो कोठून येतो याची चौकशी करणे हा निव्वळ सोवळेपणा होय. आमच्या मते पहिला पक्ष ढोंगी आहे आणि दुसरा भोळा. हे मत काहींस कडवट वाटेल. म्हणून त्याची कारणे देणे आम्हांस प्राप्त आहे.

प्रथम सोवळ्यांचा समाचार घेऊ. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली. जवळजवळ एकट्याच्या लेखणीवर चाललेले आणि स्वतःची मते निर्भीडपणे मांडण्यासाठी काढलेले ते मासिक होते. आजच्या अनुदिनीचा याहून जवळचा पूर्वज मराठीत शोधूनही सापडणार नाही. शास्त्रीबुवा तेव्हा सरकारी नोकरीत शिक्षक होते. पुढे त्यांची बदली रत्नागिरीस झाली, आणि १८७९ साली त्यांनी ती नोकरीच सोडली. आपल्या अल्प आयुष्यात त्यांनी शाळा काढली, छापखाना काढला, चित्रशाळा काढली, पुस्तकांचे दुकानही काढले. छापखाना आणि दुकान चालविणाऱ्या या पुरुषास पैशाचा विटाळ होत होता असे कोणी म्हणेल काय? उलट हरिभाऊ आपट्यांकडे पाहा. १८९० पासून त्यांनी 'करमणूक' चालविले, मराठी कादंबरीस वळण लावले. पण संसाराचा आधार म्हणून आनंदाश्रमाचे व्यवस्थापकपद त्यांना सांभाळावेच लागले. मराठी लेखकाचे पोट लेखणीवर सहसा भरत नाही. आपण यास त्याग म्हणून गौरवितो. वस्तुतः ती वाचकांकडे राहिलेली थकबाकी आहे.

आणि 'सरस्वतीचा बाजार' म्हणून नाक मुरडणारे हे गृहस्थ स्वतः काय करतात? इंग्रजी दैनिकाचे बिल ते वेळेवर चुकते करतात. मुलांच्या शिकवणीवर्गास मागितली ती फी देतात. चित्रपट घरबसल्या दाखविणाऱ्या दोनतीन कंपन्यांस दरमहा पैसे पोहोचवितात. मराठी मासिक मात्र त्यांना शेजाऱ्याकडून हवे असते, आणि मराठी लेखक फुकट हवा असतो. ज्याला आपण पवित्र म्हणतो त्याचेच पैसे द्यावयाचे नाहीत, ही भक्ती मोठी सोयीची आहे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. दाम कोठूनही आला तरी सारखाच, असे तो म्हणतो. अनुदिनीस मिळणारा दाम बहुतकरून जाहिरातीतून येतो. गूगल कंपनीने २००३ साली 'अॅडसेन्स' ही योजना काढली. लेखकाने आपल्या लिखाणाशेजारी जागा मोकळी ठेवावयाची. वाचक पान उघडतो त्या क्षणार्धात त्या जागेचा लिलाव होतो, आणि ज्याची बोली चढेल त्याची जाहिरात तेथे झळकते. शंभर डॉलर जमेपर्यंत लेखकाच्या हाती काही पडत नाही. या योजनेत हिंदीस २०१४ च्या अखेरीस स्थान मिळाले. मराठीस त्यानंतरही काही वर्षे तिष्ठावे लागले. पण मुख्य गोष्ट निराळीच आहे. या लिलावात लेख विकला जात नाही, वाचक विकला जातो. लेख हे केवळ त्याला थांबवून धरण्याचे साधन. आणि बोली चढते ती कर्ज, विमा, नोकरी, घरखरेदी अशा विषयांवर. ओवीच्या छंदावर किंवा एखाद्या पडक्या वेशीवर बोली लावावयास कोण येणार?

याचा परिणाम आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. आमच्या परिचयाचे एक अधिकारी दिल्लीतील मराठ्यांच्या खुणांविषयी लिहीत असत. १७३७ साली पहिले बाजीराव ज्या तालकटोऱ्याच्या परिसरात येऊन ठेपले तो परिसर, १८०३ च्या पटपडगंजच्या लढाईचा नोएडाच्या गोल्फ मैदानात उभा असलेला स्मृतिस्तंभ, असे त्यांचे विषय. शनिवारी पायपीट करावी, रविवारी लिहावे, असा क्रम होता. पुढे त्यांनी जाहिरातीची जागा ठेवली. जानेवारी २०२५ मध्ये आठव्या वेतन आयोगाची घोषणा झाली आणि त्यांनी सहज त्यावर एक टिपण लिहिले. ते टिपण त्यांच्या साऱ्या जुन्या लेखांहून अधिक वाचले गेले. मग दुसरे आले, तिसरे आले. आज त्यांच्या पानावर वेतनश्रेणी आणि थकबाकीचे अंदाज यांवाचून काही नसते. पटपडगंज तेथून नाहीसे झाले. त्यांना कोणी धमकावले नाही, कोणी लाचही दिली नाही. केवळ आकडे दिसत राहिले, आणि लेखणी आकड्यांच्या मागे गेली. हा गृहस्थ लोभी नव्हता, हे आम्ही मुद्दाम सांगतो. चांगल्या माणसाचे असे होते, यातच या व्यवहाराचा धोका आहे.

अधिकाऱ्याच्या बाबतीत याहून गंभीर गोष्ट आहे. कोणी व्यापारी येऊन म्हणतो, 'साहेब, आमच्या नव्या गृहसंकुलाविषयी आपल्या पानावर दोन शब्द लिहा, योग्य मानधन देऊ.' तो काय विकत घेतो? साहेबांची शैली? तशी शैली त्याला गल्लोगल्ली मिळेल. तो साहेबांची खुर्ची भाड्याने घेत असतो. जाहिरातदारांच्या मानक परिषदेने २०२१ साली नियम केला की पैसे घेऊन लिहिलेल्या मजकुरावर तसे स्पष्ट छापावे. नियम योग्य आहे; पण चिठ्ठी लावल्याने वाचकाची फसवणूक टळते, खुर्चीचे भाडे माफ होत नाही.

ही खोड मात्र अनुदिनीने आणलेली नाही. आपल्या उत्सवांच्या स्मरणिका चाळून पाहा. पानोपानी 'सदिच्छा' व्यक्त करणाऱ्या कंपन्यांस मराठीचा एवढा उमाळा कोठून आला? कोणत्या सभासदाच्या टेबलावर कोणाची फाइल होती, हे मंडळात सर्वांस ठाऊक असते, आणि कोणी उच्चारीत नाही. जे मंडळ अशी स्मरणिका गौरवाने प्रकाशित करते, त्याला तरुण अनुदिनीकारास नीतिपाठ देण्याचा अधिकार नाही.

केंद्रीय सेवकांचे १९६४ चे वर्तणूक नियम याबाबत पुष्कळ शहाणे आहेत. व्यापारधंदा पूर्वपरवानगीवाचून करू नये असे पंधरावा नियम सांगतो. परंतु प्रासंगिक स्वरूपाच्या साहित्य, कला व शास्त्रविषयक कामास तो मोकळीक देतो. आठव्या नियमाने नियतकालिकाच्या मालकीस व संपादनास पूर्वपरवानगी लागते. बाराव्याने निधी गोळा करण्यास. दर आठवड्यास लिहिणे आणि दरमहा जाहिरातीची रक्कम घेणे यास 'प्रासंगिक' म्हणणे म्हणजे शब्दाशी खेळणे होय. नियम लेखणीस अडवीत नाहीत. दुकानास अडवितात, आणि ते योग्यच आहे.

मग मार्ग कोणता? जो लेख वाचतो त्यानेच त्याचे पैसे द्यावे, हा जुना मार्ग आम्हांस आजही सरळ वाटतो. येथे कोणी म्हणेल, कंत्राटदार उद्या वर्गणीदार होऊन हजारो रुपये देईल, त्याचे काय? म्हणून वर्गणी लहान असावी, सर्वांस एकच असावी, जाहीर असावी. तीहून एक रुपया अधिक आला तर परत करावा. कार्यालयास आधी कळवून परवानगी घ्यावी. ती न मिळाली तर फुकट लिहावे आणि निवृत्तीनंतर पुस्तक काढावे. पण जागा भाड्याने देऊ नये. समजा, पाचशे वाचकांनी वर्षाचे दोनशे रुपये दिले, तर एक लाख रुपये होतात. त्यात कोणाचा संसार चालणार नाही. पण पायपीट, पुस्तके व छायाचित्रे यांचा खर्च निघेल, आणि पटपडगंज पुन्हा पानावर येईल.

पाचशे वाचक ही राजधानीत अशक्य गोष्ट आहे काय? लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली १९५४ साली येथे साहित्य संमेलन भरले. त्यानंतर सत्तर वर्षे लोटली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा स्टेडियममध्ये ताराबाई भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा भरले. मांडव गजबजला, टाळ्या झाल्या, अभिजात भाषेच्या दर्जाचा अभिमान सर्वांच्या मुखी होता. त्या गर्दीतील किती जण एखाद्या जिवंत मराठी लेखकाचे किंवा मासिकाचे वर्गणीदार आहेत, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे. लेखक जाहिरातदाराच्या दारी जातो तेव्हा त्याला दोष देण्यापूर्वी एवढे तपासावे की, आपल्या दारावरून तो किती वेळा रिकाम्या हाताने परत गेला होता.