बाटलीवर नाव लिहा

"होमिओपॅथीला साइड इफेक्ट नसतो" हे वाक्य आपल्या मोहल्ल्यात बाळंतिणीला जितक्या सहज सांगितलं जातं, तितक्या सहज "भरपूर पाणी पी" हेसुद्धा कुणी सांगत नाही. उलट पाणी कमी दिलं जातं. त्यात तुपातली अछवानी, डिंकाचे लाडू, जेमतेम हालचाल, टाक्यांमुळे शौचाला बसायची भीती आणि सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या. या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस रोज घ्यायच्या असतात आणि त्यांनी अनेकींना बद्धकोष्ठता होते. मग पोट फुगतं, आंबट ढेकर येतात. घरातली एखादी खाला पर्समधून छोटी बाटली काढते, "चार थेंब घे, आराम पडेल." थेंब सुरू होतात आणि लोहाच्या गोळ्या बंद होतात. हे मी एका नव्हे, अनेक घरांत पाहिलं आहे.

"अंगावर पाजते आहे, चालेल का?" असं आईने विचारलं की दोन उत्तरं मिळतात आणि बऱ्याचदा एकाच तोंडून मिळतात. पहिलं, "औषध इतकं सौम्य असतं की दुधात काही उतरत नाही." दुसरं, बाळाच्या पोटात कळ आली की, "आईला द्या, दुधातून बाळाला लागू पडेल." मी भाषा शिकवते. वर्गात एखाद्या मुलाने एकाच उत्तरात अशी दोन वाक्यं लिहिली तर मी दोन्हीखाली लाल रेघ मारीन. दुधातून काही जात नसेल तर ते बाळाला लागू कसं पडेल? आणि जात असेल तर नेमकं काय जातं, हे विचारायला नको?

आता हिशोब. बाटलीवर '३०' लिहिलेलं असतं, म्हणजे मूळ पदार्थाचा एक भाग नव्याण्णव भागांत मिसळायचा आणि हे असं तीस वेळा करायचं. नववीच्या विज्ञानात मुलं ॲव्होगॅड्रो अंक शिकतात. त्या हिशोबाने बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा एखादा कणही उरण्याची शक्यता संपते. तेव्हा तीस किंवा दोनशेच्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांत उरते ती साखर. ती खाल्ल्याने दुधाला काही होत नाही आणि पोटालाही फार काही होत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली उपलब्ध अभ्यास तपासून सांगितलं, की कोणत्याही आजारावर होमिओपॅथी गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. हे वाचून काहींना राग येईल याची मला कल्पना आहे. माझे सासरे या गोळ्यांवर जीव टाकतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, कारण ते कुणाला अंगावर पाजत नाहीत.

पण सगळ्याच बाटल्या तीसच्या नसतात. पोटासाठी विकली जाणारी कितीतरी औषधं 'मदर टिंक्चर' असतात, म्हणजे वनस्पतीचा मूळ अर्क, पातळ न केलेला. नक्स व्होमिका हे पचनाच्या तक्रारींवरचं लाडकं नाव. नक्स व्होमिका म्हणजे आपला काजरा, ज्याला कुचला म्हणतात. त्याच्या बीत स्ट्रिक्नीन हे जालीम विष असतं. कोलोसिंथिस म्हणजे कडू इंद्रावण, गावाकडे हिच्या जुलाबांची धास्ती अजून आहे. तीसच्या गोळीत यातलं काही नाही. मूळ अर्कात आहे. दोघांवर नाव मात्र एकच आणि "साइड इफेक्ट नाही" हे प्रमाणपत्रही एकच. अमेरिकेत दात येणाऱ्या बाळांसाठीच्या होमिओपॅथिक गोळ्या तिथल्या औषध प्रशासनाने तपासल्या, तेव्हा बेलाडोनाचं प्रमाण गोळीगणिक वेगळं आणि काहींत लेबलपेक्षा बरंच जास्त निघालं. हे २०१७ सालचं. म्हणजे लेबल असूनही भरवसा नाही, तर लेबल नसलेल्या बाटलीचं काय?

अर्कात अल्कोहोलही असतं. आपल्या कायद्याने बारा टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेलं होमिओपॅथिक औषध दुकानात ३० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत विकता येत नाही. हे हलाल की हराम यावर उलेमांची मतं वेगवेगळी आहेत, तो निर्णय त्यांचा. मी आईच्या बाजूने पाहते. दहा थेंब म्हणजे साधारण अर्धा मिलिलिटर, तेवढ्याने दूध नासत नाही, घाबरायचं कारण नाही. पण आईच्या रक्तात जेवढं अल्कोहोल तेवढंच दुधात उतरतं, हे माहीत असलेलं बरं. 'टॉनिक' म्हणून चमचा-चमचा दिवसातून तीनदा घेणारीने बाटलीमागचा आकडा वाचावा. आणि तेच थेंब तान्ह्याच्या जिभेवर ठेवू नयेत. सहा महिने त्याला दुधाशिवाय काहीच द्यायचं नसतं, पाण्यात विरघळवलेली गोड गोळीसुद्धा नाही.

माझा खरा आक्षेप त्या चिठ्ठीविना बाटलीवर आहे. आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेला बाळंतपणानंतर दोन बाटल्या मिळाल्या. एकीवर १, दुसरीवर २. दीड महिन्याचं बाळ अचानक मरगळलं, नीट पीत नव्हतं. बालरोगतज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला, "आई काय घेते?" सांगणार काय, एक आणि दोन? देणाऱ्या डॉक्टरांचा फोन संध्याकाळपर्यंत लागला नाही. बाळ पुढे बरं झालं, त्याला जंतुसंसर्ग होता. पण तो अख्खा दिवस औषधाचं नाव शोधण्यात गेला. शिवाय महाराष्ट्रात २०१४ च्या कायदाबदलानंतर एक वर्षाचा औषधशास्त्राचा कोर्स केलेल्या होमिओपॅथ डॉक्टरांना ॲलोपॅथीची औषधं देण्याची वाट खुली झाली. त्या वादात मी पडत नाही, पण पुडीत साखर आहे की आणखी काही, हे आता पुडीकडे पाहून ओळखता येत नाही. म्हणून डॉक्टर कुणीही असोत, औषधाचं नाव, पोटन्सी आणि मात्रा कागदावर मागा. देत नसतील तर औषध घेऊ नका. हे उद्धटपणाचं नाही, बाजी.

पोटासाठी साधे उपाय आहेत. इसबगोल आतड्यातून रक्तात शिरत नाही, म्हणून दुधातही जात नाही, फक्त त्यावर पाणी भरपूर हवं. लोहाची गोळी सोसत नसेल तर ती आपल्या मनाने बंद न करता दवाखान्यात सांगा, वेळ किंवा प्रकार बदलून मिळतो. मात्र जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येत असेल तर तिला 'गॅस' म्हणून थेंबांवर काढू नका. गरोदरपणात आणि नंतर पित्ताशयात खडे होण्याचं प्रमाण वाढतं. ताप, डोळे पिवळे होणं, शौचातून रक्त, यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

बाळाच्या लसीच्या तारखा सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना येतात. त्या दिवशी कार्डासोबत आईच्या सगळ्या बाटल्याही पिशवीत टाका आणि नर्सबाईंसमोर ठेवा. ज्या बाटलीवर नाव नसेल ती घरी परत आणू नका.