तांब्यावरचा सातबारा

बालमित्रांनो, जमीन कोणाची हे आज आपण सातबाऱ्यावर बघतो. हजार वर्षांपूर्वी ते तांब्याच्या पत्र्यांवर बघायचे! राजाने गाव दान दिलं, की पत्र्यांवर अक्षरं कोरायची, पत्रे कडीत ओवायचे नि कडीवर राजमुद्रा ठोकायची. म्हणजे मधलाच एखादा पत्रा कुणी बदलायला नको! आणि तांबंच का? कोकणातला पाऊस नि वाळवी आठवा.

दान हिसकावणाऱ्याला ताम्रपटांत शापही असे : साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होशील!

असेच तीन पत्रे खारेपाटणला मिळाले. (१९८१ पर्यंत ते गाव आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच होतं बरं का!) शिलाहार राजा रट्टराजाने शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ मध्ये, ज्येष्ठी पौर्णिमेला अव्वेश्वराच्या देवळासाठी तीन गावं दिली, त्याचा हा लेख. त्यात आधीच्या नऊ राजांची नावंही आहेत. कुणी या पत्र्यांचा हंडा केला असता, तर दक्षिण कोकणचं हे घराणं आपल्याला कितीसं कळलं असतं? सुदैवाने ते पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांच्या, म्हणजे 'दर्पण'कारांच्या हाती आले. त्यांनी ते वाचून छापले.

तेव्हा आजीच्या माळ्यावर अक्षरं कोरलेला पत्रा दिसला, तर चिंच लावून घासू नका हं! आधी गुरुजींना दाखवा.