सलोख्याचे भाडे

मलेशियातील पेनांग बेटावर जॉर्जटाउन हे जुने बंदर आहे. तेथील एका रस्त्याला ‘सलोख्याचा रस्ता’ असे कौतुकाचे नाव पडले आहे. १८०१ साली भारतीय मुस्लिम व्यापाऱ्यांनी स्थापन केलेली कपितान केलिंग मशीद, १८१८चे सेंट जॉर्ज चर्च, १८३३चे महामरिअम्मन मंदिर आणि चिनी लोकांच्या करुणादेवीचे देऊळ ही सारी थोड्या पावलांच्या अंतरावर आहेत. हा शेजार ब्रिटिशांच्या उदारमतवादाचे फळ मानण्याची प्रथा आहे. मला ते पटत नाही.

फ्रान्सिस लाइटने १७८६ साली हे बेट ईस्ट इंडिया कंपनीसाठी ताब्यात घेतले. बदल्यात केदाहच्या सुलतानाला हवे असलेले लष्करी संरक्षण कंपनीने दिलेच नाही. हा झाला उदारमतवाद! माणसे आली ती जकातमुक्त व्यापाराच्या ओढीने. काही हिंदुस्थानी तर कैदी म्हणून आणली गेली. पुढे ती टिकली खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा चिंचोळ्या, खोल घरांत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या भाडेनियंत्रणामुळे ही घरे सुतार, शिंपी, उदबत्ती वळणारे अशांना परवडत राहिली. सलोख्याचा खरा पाया मला या स्वस्त भाड्यात दिसतो.

१९६९मध्ये खुल्या बंदराचा दर्जा गेला. १९७२पासून बेटाच्या दक्षिणेस बायान लेपास येथे इंटेलसारख्या कंपन्यांचे कारखाने उभे राहिले आणि आज पेनांगचे पोट मुख्यतः इलेक्ट्रॉनिक्सवर, चिपांच्या जोडणी-चाचणीवर भरते. जुन्या शहरातल्या कारागिरांवाचून अर्थव्यवस्थेचे काही अडेनासे झाले. १९९७मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा रद्द झाला आणि २००० साल उजाडताच भाडी मोकळी झाली. कितीतरी बिऱ्हाडे हलली. घरमालकांची बाजू नव्हतीच असे नाही. नाममात्र भाड्यात कौले शाकारणेही त्यांना जड जात होते. आपल्याकडे त्याच वर्षी, ३१ मार्चला, नवा भाडेनियंत्रण कायदा अमलात आला तो मात्र जुन्या भाडेकरूंचे संरक्षण कायम ठेवून. मुंबईच्या पडक्या चाळींकडे पाहताना या फरकाचा आपण क्वचितच विचार करतो.

२००८च्या जुलैत मलाक्कासह जॉर्जटाउनला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. इमारती वाचल्या, सुंदर रंगल्या. अनेकींत कॅफे आणि छोटी हॉटेले आली. यादीत नाव घालताना युनेस्कोने ‘जिवंत’ बहुसांस्कृतिक वारशाचा आवर्जून उल्लेख केला. तोवर भाडेनियंत्रण उठून साडेआठ वर्षे झाली होती.