दाराबाहेर कोण होते?

कऱ्हाटीला ऐकण्याची परंपरा मोठी आहे. कविवर्य मोरोपंत (१७२९–१७९४) बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीस राहिले आणि येथेच त्यांनी पुराणे सांगितली, काव्यरचना केली. व्यापारी घरांतही चातुर्मासात स्वाध्यायासाठी एकत्र बसण्याची रीत जुनी आहे. या दोन्ही ठिकाणी सांगणारा एक आणि ऐकणारे अनेक असतात. अर्थ सांगणाऱ्याकडून येतो. वाचनमंडळाची रीत याहून वेगळी. तेथे सर्वांनी तीच पाने वाचलेली असतात आणि अखेरचा शब्द कोणाचाच नसतो. ज्या घरांत वडीलधाऱ्यांच्या एका वाक्याने चर्चा संपते, त्या घरांना ही रीत प्रथम अवघड वाटते. म्हणूनच आरंभी अशी कथा घ्यावी, जिचे उत्तर वडीलधाऱ्यांनाही ठाऊक नाही.

अशी एक कथा इंग्रजीत १९०२ साली प्रसिद्ध झाली. मराठी वाचक तिला ‘माकडाचा पंजा’ या नावाने ओळखतात. लेखक डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स (१८६३–१९४३) हा लंडनच्या गोदी भागात वाढला आणि लेखनावर पोट भरू लागेपर्यंत पोस्टाच्या बचत बँकेत कारकुनी करीत होता. त्याची ख्याती खलाशांच्या विनोदी गोष्टींसाठी. परंतु जगाने लक्षात ठेवली ती ही भयकथा. माणसांच्या लहान लहान गरजा आणि हव्यास ओळखणाऱ्या माणसाचा हात तिच्यात जाणवतो.

कथा थोडक्यात अशी. पावसाळी रात्री व्हाइट नावाचे वृद्ध गृहस्थ मुलगा हर्बर्ट याच्याबरोबर बुद्धिबळ खेळत आहेत. आई शेजारी बसली आहे. हिंदुस्थानात २१ वर्षे काढलेला मॉरिस नावाचा लष्करी माणूस घरी येतो. त्याच्याजवळ माकडाचा वाळलेला पंजा आहे. एका फकिराने तो मंतरलेला असून तीन माणसांच्या प्रत्येकी तीन इच्छा तो पुरवितो. नियतीत ढवळाढवळ करणाऱ्यांच्या वाट्यास दुःख येते, हे फकिराला दाखवावयाचे होते. मॉरिस तो पंजा विस्तवात टाकतो. व्हाइट तो ओढून बाहेर काढतात. आपल्याजवळ हवे ते सर्व आहे, असे ते स्वतःच म्हणतात. तरी मुलाच्या थट्टेच्या सूचनेवरून घरावरील कर्ज फेडण्यासाठी २०० पौंड मागतात. दुसऱ्या दिवशी कारखान्याचा माणूस येतो. हर्बर्ट यंत्रात सापडून गेला आहे. कंपनी जबाबदारी नाकारते, परंतु त्याच्या सेवेची जाण म्हणून काही रक्कम देते. ती रक्कम २०० पौंड. सुमारे आठवड्यानंतर, रात्री, आईच्या हट्टापुढे वडील दुसरी इच्छा मागतात: मुलगा जिवंत व्हावा. बऱ्याच वेळाने दारावर थाप पडते. आई कडी काढावयास धावते. वडील अंधारात पंजा शोधून तिसरी इच्छा मागतात. थाप थांबते. दार उघडते, तेव्हा रस्ता रिकामा असतो.

तिसरी इच्छा कोणती, हे लेखक लिहीत नाही. दाराबाहेर कोण होते, हेही लिहीत नाही. मंडळातील चर्चा येथूनच सुरू होते.

व्यापारी वाचकांचे लक्ष प्रथम एका बारीक तपशिलाकडे जावे. पंजा विकण्याचा विचार मॉरिसच्या मनात येऊन गेला होता. परंतु ज्यांचा त्यावर थोडाफार विश्वास बसे, ते आधी वापरून पाहू आणि पैसे मागाहून देऊ, असे म्हणत. ही उधारीची बोली प्रत्येक पेढीस परिचित आहे. पुढे व्हाइटनी मॉरिसला त्याबद्दल थोडीशी रक्कम घ्यावयास लावली. वस्तू अत्यल्प किमतीत मिळाली आणि खरी किंमत दुसऱ्या खात्यावर पडली, असे वाचन येथे सहज होते.

दुसरे वाचन हिशेबाचे आहे. कथेत खरोखर जादू घडली, की केवळ योगायोग? इंग्लंडमध्ये १८९७ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला होता. अपघातात कामगार दगावला आणि त्याच्या कमाईवर पूर्णतः अवलंबून असणारे मागे राहिले, तर त्यांना त्याचे मागील तीन वर्षांचे वेतन किंवा १५० पौंड, यांपैकी अधिक असेल ती रक्कम मिळावयाची; मात्र ती ३०० पौंडांहून अधिक नसावी. २०० पौंडांस तीन वर्षांच्या १५६ आठवड्यांनी भागले, तर आठवड्यास सुमारे साडेपंचवीस शिलिंग येतात. त्या काळच्या कारखान्यातील कामगारास हे वेतन अशक्य नव्हे. म्हणजे कथेतील आकडा आकाशातून पडलेला नसून व्यवहारातला असू शकतो. आपल्याकडे असाच कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. इंदापूर तालुक्यात शेठ वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांच्या नावाने वसलेल्या वालचंदनगरपासून नीराकाठच्या साखर कारखान्यांपर्यंत, यंत्र म्हणजे काय आणि पाळी संपवून माणूस घरी परतण्याची वाट पाहणे म्हणजे काय, हे या भागातील घरांना समजावून सांगावे लागत नाही.

योगायोगाच्या बाजूने आणखी पुरावा आहे. इच्छा मागताना पंजा हातात वळवळला, हा अनुभव एकट्या व्हाइटचा. इतर कोणी तो पाहिला नाही. त्याच रात्री विझत्या निखाऱ्यांत कोणास तरी चेहरे दिसतात. मन आधीच भ्यालेले होते. परंतु विरुद्ध पुरावाही दुबळा नाही. थाप नवरा-बायको दोघांनीही ऐकली आहे, आणि तिसरी इच्छा मागताच ती थांबते. एकीकडचा पुरावा मोजून होईपर्यंत दुसरीकडचे पारडे खाली येते. इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने मंदिर उजनीच्या पाण्यात गेले. धरण फार आटले की ते उघडे पडते, एरवी दिसत नाही. जे दिसत नाही ते नाही, असे तेथील माणूस म्हणत नाही. आणि पाण्याखाली नेमके काय उरले आहे, हेही तो छातीठोकपणे सांगत नाही. या कथेपुढे वाचकाची स्थिती अशीच आहे.

तथापि मंडळात खरी फूट भुताच्या प्रश्नावर पडत नाही. ती पडावी व्हाइटच्या कृतीवर. यंत्रात सापडलेल्या मुलाचा देह त्यांनी पाहिला होता. कपड्यांवरूनच ओळख पटावी, अशी त्याची अवस्था होती. दाराबाहेर काय उभे असेल, या कल्पनेने ते हादरले. आईला मात्र त्याची पर्वा नव्हती. आपला मुलगा थंडीत बाहेर उभा आहे, एवढेच तिला कळत होते. वडिलांनी तिला न विचारता, तिच्या नकळत, एकट्याने निर्णय घेतला. ही दया होती, की तिचा हक्क हिरावून घेणे होते?

हा प्रश्न विलायतेतील एका घराचा नाही. धंद्यात खोट आली, सौद्यात रक्कम अडकली, वैद्यकीय अहवाल वाईट आला, की घरातील कर्ता पुरुष पुष्कळदा हेच करतो. बायको-मुलांना त्रास नको म्हणून तो गोष्ट स्वतःपाशी ठेवतो आणि आतल्या आत निकाल लावून मोकळा होतो. त्याचा हेतू प्रेमाचाच असतो. परंतु दार उघडल्यावर रिकामा रस्ता जिला पाहावा लागतो, तिला तो रिकामा का आहे, हे कधीच कळत नाही. व्हाइटच्या बाईच्या आक्रोशावर कथा जवळजवळ संपते. तिने नवऱ्याला पुढे काय विचारले असेल आणि त्याने खरे सांगितले असेल का, यावर घरातील सून आणि सासरे यांची मते भिन्न पडली, तर बैठक सार्थकी लागली म्हणावयाची.

आणखी एक प्रश्न हिशेबी मनास सुटत नाही. त्या २०० पौंडांचे पुढे काय झाले? घरावरील कर्ज फिटले का? लेखक पुन्हा त्या रकमेचा उल्लेखच करीत नाही. ज्यासाठी सर्व घडले, ती गोष्ट कथेतून नाहीशी होते. लोभावर लांब प्रवचन न करता लोभाची किंमत सांगण्याचा हा मार्ग आहे.

बैठक घेणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. कथा आधीच सर्वांना वाचावयास द्यावी. ज्या घरात अपत्याचे दुःख झाले आहे, त्यांना विषय अगोदर सांगावा; ते आले नाहीत तर कारण विचारू नये, आणि आले तर त्यांना बोलण्याचा आग्रह करू नये. सर्वांत लहान सभासदाने प्रथम बोलावे, ज्येष्ठांनी शेवटी. प्रत्येकाने आपले मत पानावरील एखाद्या तपशिलाला धरून मांडावे. ‘मला असे वाटते’ एवढ्यावर थांबू नये. शेवटी मतदान मात्र घेऊ नये. मतदानाने बहुमत कळते, कथेचा अर्थ कळत नाही. तासाभरात बैठक आटोपावी, म्हणजे उरलेला वाद घरी जाताना होतो आणि तो अधिक मोकळा असतो.

पुढील बैठकांसाठी मराठीत सामग्री विपुल आहे. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी भयकथा व गूढकथा मराठी घरांत रुजविली. २०१८ सालच्या ‘तुंबाड’ या चित्रपटामागील एक प्रेरणा धारपांच्या कथेतून आली. त्याचाही विषय न संपणारा हव्यासच आहे. तरुण सभासदांनी चित्रपट पाहिलेला असेल, ज्येष्ठांनी धारप वाचलेले असतील. दोघांनी एकमेकांस आपापली गोष्ट सांगावी. पुढची कथा निवडण्याचा मान तरुणांना द्यावा.