बाटलीवरचा आकडा आधी वाचा

पनवेल-पळस्पे भागात आता दर दोन-चार घरांआड एखादं पोर परदेशात आहे. येताना ते काका-मामांसाठी, सासऱ्यांसाठी काहीतरी घेऊन येतं. पूर्वी स्कॉच यायची. हल्ली एक बुटकी काळपट बाटली येऊ लागली आहे. तोंडावर मेण ओतलेलं, लेबलावर लाकडी पिंपाचं चित्र, आणि नाव मात्र बिअर. त्या बाटलीबद्दल मला आज तुमच्याशी बोलायचं आहे, कारण ‘बिअर’ या एका शब्दानं आमच्या घरात मोठाच घोटाळा होता होता राहिला.

गेल्या दिवाळीत माझ्या पुतण्यानं कॅलिफोर्नियाहून अशा चार बाटल्या आणल्या. भाऊबीजेला बहीण आणि दाजी शेडुंगहून स्कूटरवर आले होते. दाजींचा स्वभाव मोकळा. बाटली बघून म्हणाले, “बिअरच आहे ना, टाक फ्रीझरमध्ये.” अर्ध्या तासानं बर्फासारखी गार बाटली उघडली, स्टीलच्या पेल्यात ओतली आणि तीन घोटांत संपवली. “कडू काढा आहे रे नुसता,” म्हणाले, आणि दुसरी उघडायला लावली. जेवणं आटोपली. दाजी उठले आणि खिशात चावी चाचपू लागले. डोळे लाल झालेले, बोलणं जड. बहीण पदर खोचून स्कूटरवर मागे बसायला तयार! त्या दिवशी पहिल्यांदा मी लेबल नीट वाचलं. 355 मिली, 13 टक्के.

आता हा हिशेब माझ्याबरोबर करा. 355 मिलीच्या 13 टक्के म्हणजे 46 मिली शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडची व्हिस्की 42.8 टक्क्यांची असते, म्हणजे 30 मिलीच्या लहान पेगमध्ये साधारण 13 मिली. एका बुटक्या बाटलीत साडेतीन पेग. दाजींनी तासाभरात सात पेग पोटात घातले होते, आणि त्यांच्या मते त्यांनी ‘नुसती बिअर’ घेतली होती. तेवढी व्हिस्की समोर ठेवली असती तर त्याच दाजींनी हात जोडले असते.

चूक एकट्या दाजींची नाही. आपल्याकडे बिअर म्हटलं की ठरलेलं माप डोळ्यापुढे येतं. देशाच्या अन्नसुरक्षा नियमांत 5 टक्क्यांपर्यंतची बिअर रेग्युलर आणि 5 च्या वर 8 पर्यंतची स्ट्राँग. त्यापुढे बिअर नाहीच. म्हणून 13 टक्क्यांची बिअर आपल्या वाइन शॉपच्या फ्रीजमध्ये दिसत नाही आणि तिचा अंदाज कुणाला येत नाही. शिवाय स्ट्राँग प्यायची ती किकसाठी, गार करून, भरभर, चखण्याबरोबर, ही आपली वर्षानुवर्षांची सवय. गटारीला तर विचारूच नका. ती सवय या बाटलीला लावली की पैसेही वाया जातात आणि माणूसही.

ही बिअर होते कशी, ते कळलं की घाई आपोआप कमी होते. बार्ली करपेल न करपेल इतकी भाजतात, त्यातून तो काळा रंग आणि कॉफीचा कडूपणा येतो. धान्य नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वापरतात, त्यामुळे रस काकवीसारखा दाट होतो. आंबवून झाली की ही बिअर लाकडी पिंपात भरतात. पिंप बहुतेक अमेरिकेतल्या बर्बन व्हिस्कीचं. तिथल्या कायद्यानं बर्बन दरवेळी आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते, त्यामुळे एकदा वापरलेलं, सुमारे 200 लिटरचं पिंप दुसऱ्याला विकायला मोकळं होतं. त्या लाकडात व्हिस्की मुरलेली असते. बिअर त्यात महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही पडून राहते. ओकमधून व्हॅनिलाचा वास उतरतो, ओल्या खोबऱ्यासारखा एक गोडवा उतरतो, जळक्या कडांचा धूर उतरतो.

आणि मग येतं मिश्रण. त्यातलं कसब आपल्या आगरी-कोळी घरांतल्या बायकांना समजावून सांगावं लागणार नाही. उन्हाळ्यात मसाला कुटताना तिखटपणाला एक मिरची आणि रंगाला दुसरी घेतात, धणे किती भाजायचे ते डोळा सांगतो, आणि शेवटी चिमूट नाकाशी नेऊन ‘अजून थोडी दालचिनी’ असं ठरतं. तिथंही तसंच. एकाच दिवशी भरलेली दोन पिंपं कधी सारखी निघत नाहीत. एक जास्त गोड, एक जास्त लाकडी, एखादं आंबलेलं, ते बाजूला काढायचं. उरलेल्यांतून थोडं थोडं घेऊन चव जुळवायची. कॅलिफोर्नियात पासो रोबल्स या गावी फायरस्टोन वॉकर नावाची ब्रुअरी आहे. 2006 साली तिला दहा वर्षं झाली, तेव्हापासून तिच्या वाढदिवसाच्या बिअरसाठी आसपासच्या द्राक्षमळ्यांतले वाइन करणारे लोक बोलावले जातात. पिंपापिंपांतली बिअर चाखून ते आपापलं मिश्रण मांडतात आणि त्यातलं एक निवडलं जातं. बिअर करणाऱ्यांनी वाइनवाल्यांच्या जिभेवर विश्वास टाकला, हे मला फार आवडलं.

जुनी-नवी बिअर एकत्र करणं तसं जुनंच. लंडनमध्ये अठराव्या शतकात पोर्टर नावाची काळी बिअर प्रचंड लाकडी टाक्यांत मुरवत आणि ताज्या बिअरमध्ये मिसळून विकत. 17 ऑक्टोबर 1814 रोजी तिथल्या एका ब्रुअरीत अशी टाकी फुटली आणि बिअरचा लोंढा गल्लीत घुसून आठ जण मेले. पोर्टर जहाजांतून हिंदुस्थानातही येत असे, गोऱ्या सोल्जरांसाठी.

दिवाळीनंतरच्या रविवारी तिसरी बाटली आम्ही नीट उघडली. दाजींना मुद्दाम बोलावलं, आणि या वेळी ते रिक्षानं आले. पिणारे आम्ही पाच जण होतो. बाटली फ्रीजमधून काढून ओट्यावर वीस-पंचवीस मिनिटं ठेवली, कारण जीभ गारठली की चव कळत नाही. बारा-चौदा अंशांवर ही बिअर बोलू लागते. स्टीलचे पेले ठेवून दिले आणि काचेचे छोटे गोल ग्लास काढले. प्रत्येकाच्या वाट्याला सत्तर मिली आली, म्हणजे अल्कोहोलच्या हिशेबानं लहान पेगहूनही कमी.

ओतताना ती वाहिली नाही, उतरली. वरचा फेस तपकिरी, तोही थोडा वेळच टिकला. मी सगळ्यांना सांगितलं, पिऊ नका, आधी वास घ्या. एकजण म्हणाला काकवी, दुसऱ्याला खारीक आठवली. बहीण पीत नाही, तिनं फक्त ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाली, “गुळाच्या ढेपेच्या तळाला जो वास असतो ना, तो.” तिच्याइतकं अचूक आमच्यातल्या कुणालाच सांगता आलं नव्हतं. मग एक छोटा घोट, जिभेवर फिरवून. आधी गोड, मग कॉफीचा कडूपणा, मग छातीत ऊब, आणि गिळल्यानंतर मागे राहणारा खोबऱ्याचा मंद वास. दुसऱ्या घोटाआधी पाणी. ग्लास हातात धरून जसजसा कोमट होत गेला तसतशी चव पालटत गेली. ती सत्तर मिली आम्हाला तासभर पुरली. सोबत खारे शेंगदाणे आणले होते ते कुणी खाल्ले नाहीत, चिकीचा तुकडा मात्र जमला. दाजी शेवटी म्हणाले, “त्या दिवशी मी काय प्यायलो होतो मग?”

तुम्हाला अशी काळी बिअर समजून घ्यायची हौस असेल तर 13 टक्क्यांपासून सुरुवात करू नका. पुण्यात 2009 साली दूलाली नावाची मायक्रोब्रुअरी सुरू झाली, आणि पुढे पुण्या-मुंबईत अशा अनेक जागा उघडल्या. तिथं स्टाउट म्हणून काळी बिअर मिळते, ती बरीच सौम्य असते. छोट्या मापात मागा, वास घ्या, जिभेला ओळख होऊ द्या.

आणि आणलेली बाटली ‘मुरू दे अजून’ म्हणून कपाटावर ठेवून देऊ नका. मुरणं पिंपात झालेलं असतं. आपला मे महिना या बाटलीचा शत्रू आहे. उष्णतेत लाकूड आणि दारू कशी वागतात त्याचं एक उदाहरण सांगतो. बंगळुरूत व्हिस्कीच्या पिंपातून वर्षाला साधारण दहावा हिस्सा उडून जातो, तर स्कॉटलंडमध्ये जेमतेम दोन टक्के. बाटलीतून काही उडत नाही, पण उन्हाळ्यात बिअर आतल्या आत शिळी होते आणि भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास मारते. बाटली उभी ठेवा, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, उजेडापासून लांब.

आता कडू बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी 2023 मध्ये स्वच्छ सांगितलं आहे की दारूचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. त्यामुळे जो पीत नाही त्याला ‘बिअरच तर आहे, चव तरी घे’ असा आग्रह कृपा करून करू नका. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी वय 21 आणि कडक दारूसाठी 25. ही बाटली माझ्या घरात 25 च्या खात्यात आहे, पुतण्याच्या धाकट्या भावाला मी ती दिली नाही. ज्यांना यकृताचा त्रास आहे, साखरेच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी वासावर समाधान मानावं.

आणि गाडी. आपण पळस्प्याचे लोक. इथून जुना पुणे रस्ता जातो, जेएनपीटीचे कंटेनर इथून वळतात, गोव्याचा महामार्ग इथं सुरू होतो. रात्री फाट्यावर ट्रेलर कसे सुटलेले असतात ते तुम्ही रोज बघता. कायद्यानं 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असलेल्यानं गाडी चालवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही. साठ-पासष्ट किलोच्या माणसानं ती एक बुटकी बाटली भरभर रिकामी केली तर तो या मर्यादेच्या अडीच पट वर जाऊ शकतो. एक लहान पेग जिरायला शरीराला तासाहून जास्त वेळ लागतो. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्यानं तोंड धुणं, यातल्या कशानंही तो वेळ कमी होत नाही. दाजी त्या रात्री आमच्याकडे झोपले. सकाळी उठले तेव्हाही डोकं धरूनच होते, आणि चावी मी त्यांना दुपारी जेवणानंतर दिली.

आता विमानतळही आपल्या उशाशी आला आहे, 25 डिसेंबर 2025 पासून तिथून विमानं उडत आहेत. पोरं येतील, बॅगांतून अशा बाटल्या येतील. आल्या तर आनंदानं घ्या, चार-पाच जणांत एकच उघडा, आणि मेण फोडण्याआधी आलेल्या प्रत्येकाच्या गाडीची चावी घरातल्या न पिणाऱ्या बाईच्या हातात द्या.